परसातली बार्शी लाईट

कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रेल्वे १८९७ साली सुरू झाली, पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोहोचली आणि रुंदीकरणानंतर नाहीशी झाली. तरी आमच्या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘बार्शी लाईट’ अजून येतेच. तिची एक छोटी आवृत्ती मी घरामागच्या परसात बांधली आहे. ती बांधायला जितका वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ तिच्या दुरुस्तीत गेला आहे आणि पुढेही जाणार आहे. उघड्यावरच्या रेल्वेत इंजिन आणि डबे हा हौसेचा भाग असतो. खरे काम माती, पाणी आणि ऊन यांच्याशी असते. त्यामुळे या लेखात डब्यांपेक्षा मुरमाविषयीच अधिक वाचायला मिळाले, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पहिला प्रश्न प्रमाणाचा होता. घरात टेबलावर मांडायच्या रेल्वेसाठी बहुतेक हौशी मंडळी १:८७ हे प्रमाण घेतात, पण त्या मापाचे रूळ परसात टाकले तर कडुनिंबाची एक काडीसुद्धा गाडी पाडायला पुरेशी होते. बाहेरच्या रेल्वेला वजन हवे, चाकांना खोल कड हवी आणि रुळावर बारीक खडा आला तरी तो बाजूला लोटण्याइतका नेट हवा. बार्शी लाईटचे गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, ७६२ मिलिमीटर होते. त्याला २४ ने भागले की पावणेबत्तीस मिलिमीटर येतात, आणि ३२ मिलिमीटर हे बागेतल्या रेल्वेचे एक रुळलेले गेज आहे, त्यामुळे १:२४ हे प्रमाण आपोआप ठरले. या मार्गाचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही असे ठरवून, वाराला ३० पौंड वजनाच्या हलक्या रुळांवर भरपूर माल वाहून दाखवला. मुख्य मार्ग बार्शीपासून सुमारे ३५ किलोमीटर दुरून गेल्यामुळे अडलेली कापसाची बाजारपेठ या स्वस्त रेल्वेने जोडली गेली. त्याच्या मालडब्यांचा सांगाडा २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद असा एकाच मापाचा असे. माझ्याकडे तो ३१८ मिलिमीटर लांब आणि ८९ मिलिमीटर रुंद होतो. एकाच मापाचे डबे करायचे असल्याने साचाही एकच पुरला, याबद्दल मी कॅलथ्रॉपसाहेबांचा ऋणी आहे.

परस सुमारे १४ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. जमीन काळी आहे, आणि इथूनच खऱ्या अडचणी सुरू झाल्या. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असते. पण तिच्यावर मिलिमीटरच्या हिशेबाने रूळ टाकायचे म्हटल्यावर त्या माहितीचा अर्थ बदलतो. घराच्या पायाला ही माती किती त्रास देते हे गवंडीकाम करणाऱ्या मिस्त्रींना नेमके ठाऊक होते, म्हणून त्यांचा सल्ला सरळ होता.

“सर, खाली पीसीसीचं काँक्रीट टाकून वर कोबा करू. आयुष्याची कटकट मिटंल.”

“मिस्त्री, खालची माती हलली की कोबा चिरणार. मग तो उचलून सरळ कसा करायचा?”

“तेवढं मात्र खरं,” असे म्हणून त्यांनी धुमस मागवली.

कोब्यावर बांधलेल्या बागेतल्या रेल्वे मी पाहिल्या आहेत आणि घट्ट मुरमाड जमिनीवर त्या उत्तम टिकतात. काळ्या मातीवर मात्र रुळांना खडीत तरंगत ठेवावे, कारण खडीतला रूळ दबला तर तो उचलून खाली खडी ठोकता येते. मोठ्या रेल्वेने पक्क्या पायाऐवजी खडीवर एवढा काळ भरवसा ठेवला आहे, त्यामागेही हेच मोठे कारण आहे. आम्ही मार्गाच्या आखणीवर दीड फूट रुंदीची माती सुमारे दोन फूट खोल काढली आणि चरात मुरूम भरला. मुरूम एकदम ओतून चालत नाही. सहा-सहा इंचांचा थर टाकायचा, त्यावर पाणी मारायचे, पाणी मुरू द्यायचे आणि धुमस आदळल्यावर तिचा आवाज बोद न येता टणक येऊ लागला की पुढचा थर टाकायचा, अशी ती रीत आहे. काढलेली माती फेकली नाही. तिचा परसाच्या खालच्या बाजूला बांध घातला आणि त्याच्यावर झाडे लावली.

जमिनीला लांबीच्या दिशेने उतार होता. तो पूर्ण काढायचा तर एका टोकाला फूटभर भराव आला असता, म्हणून तो थोडा भरून, थोडा खोदून पन्नासास एक या चढावर आणला. त्यामुळे लंबगोल मार्गाची एक बाजू चढाची आणि दुसरी उताराची झाली. चढ मोजायला मी महागडे यंत्र घेतले नाही. मिस्त्रींची पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हल पाईप पुरेसे अचूक काम करते, फक्त तिच्यात हवेचा बुडबुडा राहिलेला नसावा. दर मीटरला एक खुंटी ठोकायची, पहिल्या खुंटीवर पाण्याची खूण करायची आणि पुढच्या प्रत्येक खुंटीवर आधीच्या खुंटीच्या पातळीहून दोन सेंटीमीटर वर किंवा खाली दुसरी खूण करायची, एवढे केले की सूत बांधल्यावर चढाची रेघ डोळ्यांसमोर उभी राहते.

रूळ बाहेरून मागवणे शक्य होते, पण सुमारे ३० मीटरच्या फेऱ्यासाठी तो खर्च मला मानवणारा नव्हता. गाडी बॅटरीवर चालवायची असे आधीच ठरवले होते. रुळांतून वीज द्यायची तर धूळ आणि ऑक्सिडीकरण यांमुळे रोज रूळ घासत बसावे लागते, आणि आमच्याकडच्या धुळीत ते काम संपले नसते. वीज वाहायची नसल्यामुळे रुळांची धातू कोणतीही चालणार होती, म्हणून अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्यांकडून १० मिलिमीटर उंच आणि ३ मिलिमीटर जाड अशा सपाट पट्ट्या घेतल्या. त्या बारा फुटी लांबीत मिळतात. रुळांखालच्या आडव्या स्लीपरांसाठी चौकटींना वापरतात ती डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांची, फळी घेतली, कारण साध्या लाकडाचे तुकडे कितीही तेल पाजले तरी वाळवीच्या दृष्टीने ते अन्नच असते.

गेज कसे राखावे यावर मी बराच विचार केला होता आणि उत्तर अखेर सुताराच्या गोल करवतीतून निघाले. तिच्या पात्याची चर जवळजवळ नेमकी ३ मिलिमीटर पडते, म्हणजे पट्टीच्या जाडीएवढीच. फळीच्या लांबीभर दोन समांतर चरी पाच मिलिमीटर खोल मारायच्या, दोन्हींच्या आतल्या कडांमध्ये ३२ मिलिमीटर अंतर ठेवायचे आणि मग ती फळी आडवी कापून तिचे एकसारखे स्लीपर पाडायचे. गेज अशा रीतीने फळीतच कोरले जाते आणि प्रत्येक स्लीपरवर वेगळे मोजावे लागत नाही. वळणासाठीच्या फळ्यांवर ते अंतर मी ३३ मिलिमीटर ठेवले, कारण लांब इंजिनाची चाके वळणावर जराशी मोकळीक मागतात. एका बारा फुटी जोडीला शंभराच्या आसपास स्लीपर लागले. पट्टी चरीत लाकडी हातोडीने बसवताना होणारा ‘टप्’ असा आवाज बदलला की चर मोठी झाली आहे हे लगेच कळते आणि तो स्लीपर बाजूला काढता येतो.

पट्टी उभी असल्याने तिचे वळण हाताने सहज घेता येते. दीड मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात आतली पट्टी बाहेरच्या पट्टीपेक्षा सुमारे ११ सेंटीमीटर आखूड लागते. हा हिशेब आधी केला नाही तर जोड एकमेकांना सोडून भलतीकडेच जातात. सरळ भागातून वळणात शिरताना मी खुंट्यांचा हट्ट धरला नाही. पट्टीची दोन्ही टोके धरून ती जशी वाकते तशी वाकू दिली, म्हणजे वळण हळूहळू घट्ट होत जाते आणि डब्याला धक्का बसत नाही.

उन्हाचा हिशेब मात्र कागदावरच करावा लागला. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. जानेवारीतल्या पहाटे पट्टीचे तापमान १२ अंशांपर्यंत उतरते आणि मे महिन्यातल्या दुपारी ते ६० अंशांच्या पुढे जाते. एवढ्या फरकात बारा फुटी पट्टी चार मिलिमीटरहून थोडी अधिक वाढते. म्हणून फेब्रुवारीत सकाळी अकराच्या सुमारास, पट्टी हाताला कोमट लागेल अशा वेळी, जोड केले आणि प्रत्येक जोडात अडीच मिलिमीटर फट ठेवली. दोन पट्ट्यांचा जोड धरून ठेवणाऱ्या फिशप्लेट पितळी पत्र्याच्या केल्या असून त्यांची भोके गोल नसून लांबट आहेत. प्रत्येक पट्टी मधल्या एकाच स्लीपरला स्क्रूने पक्की केली आहे. बाकीच्या स्लीपरांत ती सरकू शकते, त्यामुळे वाढ दोन्ही टोकांकडे सारखी वाटली जाते. थंडीत फटी रुंदावल्या की चाकांचा खटखटाट वाढतो, आणि मला तो आवडतो. ऐन मे महिन्यात दुपारी फटी पूर्ण मिटतात. मोठ्या रेल्वेतही उन्हाळ्यात रुळांवर खास गस्त असते. माझ्याकडे त्या गस्तीची वेळ दुपारच्या चहानंतरची आहे.

खडी क्रशरवरून आणली. तिथे ज्याला कच म्हणतात तो घेऊन आधी बारीक चाळणीने भुकटी काढली, मग मोठ्या चाळणीने चार-पाच मिलिमीटरहून मोठे खडे वेगळे केले आणि उरलेले धुऊन घेतले. प्रमाणाच्या हिशेबाने खडी याच्या निम्मी असायला हवी, पण एवढी बारीक खडी पहिल्या सरीतच वाहून जाते. नदीची वाळू दिसायला छान असली तरी तिचे कण गोल असतात आणि एकमेकांत अडकत नाहीत. क्रशरच्या खडीला धारदार कोपरे असतात आणि ठोकल्यावर ते घट्ट बसतात.

लूपसाठी, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या मार्गासाठी, गाडीची वाट बदलणारा एकच सांधा केला. मोठ्या रेल्वेत सांध्याच्या सुईसारख्या निमुळत्या जिभा सरकतात, पण बागेत त्या जिभांच्या फटीत खडा बसला की गाडी घसरलीच. म्हणून जुन्या छोट्या रेल्वेमार्गांवर असे तसा, जिभा नसलेला सांधा केला. यात गाडी ज्या रुळांवरून येते ते दोन्ही रूळच टोकाकडून थोडे सरकवून पुढच्या दोन मार्गांपैकी एकाला भिडवतात. खडा अडकण्याची भीती यात फार कमी असते, मात्र उन्हाळ्यात टोके वाढून एकमेकांना भिडतात आणि सांधा हलेनासा होतो. त्या जागी तीन मिलिमीटरहून कमी फट ठेवून उपयोग नाही. लूपच्या या स्टेशनाला ‘बार्शी टाऊन’ हे नाव दिले आणि चढाच्या दुसऱ्या टोकाला ‘बार्शी रोड’. जुनी मंडळी कुर्डुवाडीचे हे रेल्वेतले जुने नाव वाचून थांबतात आणि मग गप्पा गाडी सोडून भलत्याच दिशेने जातात.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगतो. चाके गावातल्या लेथवाल्याने करून दिली. चाकाचा पृष्ठभाग विसास एक इतका तिरपा आणि दोन्ही चाकांच्या पाठींमध्ये २८ मिलिमीटर अंतर, एवढ्या दोन गोष्टी नेमक्या असल्या की बाकी त्याच्या हातावर सोडता येते. आत १२ व्होल्टची गिअर मोटर, तीन लिथियम पेशी आणि ब्लूटूथचा छोटा बोर्ड आहे. फोनवरून वेग कमी-जास्त होतो. मोटर मिनिटाला १०० फेरे आणि चाक ३२ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे गाडी मिनिटाला दहा मीटर जाते, आणि प्रमाणाच्या हिशेबाने हा वेग ताशी साधारण १४ किलोमीटर होतो. बार्शी लाईटमधून प्रवास केलेल्यांनी याहून वेगवान गाडी मागितलेली नाही. सनबोर्डाचे, म्हणजे हलक्या प्लॅस्टिक फळीचे, शरीर उन्हात मऊ पडून वाकते, म्हणून इंजिनाला पितळी पत्रा डाख देऊन लावला. वजनही त्यामुळे वाढले आणि चढावर चाके घसरायची थांबली. किटसन कंपनीच्या, गाडी ओढणारी आठ चाके असलेल्या मूळ इंजिनाची प्रतिकृती अर्धवट तयार आहे. तिच्या मधल्या दोन जोड्यांच्या चाकांची कड काढून टाकावी लागणार आहे, नाहीतर दीड मीटरच्या वळणात ती फिरणारच नाही.

आता निगेविषयी, कारण वर्ष जाते ते यातच. मार्च-एप्रिलमध्ये आजूबाजूची काळी माती आक्रसते आणि मुरमाच्या पट्ट्याच्या कडेने भेग पडू लागते. ती पडली की खडी त्या भेगेत ओघळते आणि त्या बाजूचा रूळ खचतो. भेगा भरत बसण्यापेक्षा त्या पडूच न देणे सोपे आहे, हे शेतीतल्या लोकांकडून कळले. मार्गाच्या दोन्ही बाजूंना जेड, छाटून ठेंगणी ठेवलेली कामिनी आणि चिनी गुलाब लावून त्यांना ठिबक दिले आहे. पाणी थोडेच, पण नियमित, म्हणून मातीचा ओलावा फारसा बदलत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वेळ येते, तेव्हा भाज्या-धान्य धुतलेले पाणी गाळून ठिबकच्या टाकीत जाते. स्वयंपाकघरातल्या पाण्यावर रेल्वेचा असा हक्क लागण्याला पत्नीची हरकत होती. कामिनीला फुले आल्यापासून ती हरकत मागे पडली आहे.

जून-जुलैत लिंबोळ्या पिकतात. बाकीची पाने-काड्या इंजिनासमोर लावलेला छोटा ब्रश बाजूला करतो, पण लिंबोळी चाकाखाली चिरडली की तिचा चिकट गर रुळावर पसरतो आणि चढावर इंजिन जागच्या जागी चाके फिरवत राहते. यावर फडके आणि कोमट पाणी याखेरीज इलाज सापडलेला नाही. त्याच सुमारास हराळी आणि लव्हाळा वर येतात. हराळी उपटता येते. लव्हाळ्याची गाठ खाली राहिली की आठवड्यात तो पुन्हा हजर होतो, आणि त्याचे एक पाते १:२४ च्या जगात मालडब्याहून उंच दिसते. तणनाशक मारले तर बाजूची झाडेही जातात, म्हणून उकळते पाणी किटलीने नेमके मुळाशी ओततो आणि चार-सहा दिवसांनी मऊ झालेली गाठ चिमट्याने काढतो.

पावसाळ्यात खरी परीक्षा मोऱ्यांची असते. गच्चीचे पाणी परसातून आडवे वाहते, म्हणून रुळांखालून दोन इंची पीव्हीसी पाईपची मोरी ठेवली होती. २०२० च्या ऑक्टोबरात सोलापूर भागात जो अतोनात पाऊस झाला, त्यात ती मोरी पानांनी तुंबली, पाणी रुळांवरून गेले आणि खालच्या टोकाची सगळी खडी बांधापर्यंत जाऊन पडली. रुळांची चौकट तेवढी हवेत लोंबकळत राहिली, पण धुमस मारलेला मुरूम जागचा हलला नव्हता, म्हणून पाऊस थांबल्यावर काम खडी गोळा करून धुण्यापुरतेच उरले. आता त्या जागी चार इंची पाईप आहे, तिच्या वरच्या तोंडाला कोंबडीजाळीचा वाकवलेला पिंजरा आहे आणि मे संपायच्या आत ती साफ करण्याचा नियम आहे. जाळीचा दुसरा उपयोग घुशीसाठी होतो. मऊ माती सोडून तिला मुरमाच्या कडेनेच बीळ का काढावेसे वाटते ते तीच जाणे, पण बिळावरचा रूळ एका रात्रीत बोटभर खाली जातो. त्या बाजूला आता मुरमाच्या कडेला उभी जाळी पुरली आहे.

दिवाळीनंतर सगळा मार्ग पुन्हा समतल करतो. डोळा रुळाच्या पातळीवर आणून एका टोकाकडून पाहिले की उंच-सखल जागा पातळीदर्शकापेक्षा लवकर दिसतात. दबलेल्या जागी स्लीपर दोन बोटांनी किंचित उचलायचा आणि टोक चपटे केलेल्या सळईने रुळाखालच्या भागातच खडी ठोकायची. स्लीपरच्या मधोमध ठोकली तर स्लीपर तिथे टेकतो आणि दोन्ही बाजूंना डुलू लागतो. नंतर लेथवर करून घेतलेली ३२ मिलिमीटरची पितळी गोटी सरळ भागातल्या रुळांमधून हाताने ओढत नेतो. ती जिथे अडकेल किंवा खुळखुळेल, तिथला स्लीपर बदलायचा. प्रत्येक फिशप्लेटचे स्क्रू ढिले करून, ग्रीसचा थेंब देऊन पुन्हा आवळायचे, पण इतके नाही की पट्टी सरकायची थांबेल. हे काम कंटाळवाणे आहे असे पाहणाऱ्याला वाटते. मला विचाराल तर गाडी चालवण्यापेक्षा यातच अधिक रस आहे, आणि परसात रेल्वे बांधू पाहणाऱ्याला हा भाग आवडणार नसेल तर त्याने घरातल्या टेबलावरची रेल्वे करावी, असे मी स्पष्ट सांगतो.

सध्या पंढरपूरचा फाटा काढण्याची तयारी चालू आहे. तो बार्शी रोडपासून निघून चिकूच्या झाडाला वळसा घालेल. तिथे माती अधिक खोल आहे आणि मुळेही आडवी येतात, म्हणून चर खोदण्याऐवजी दगडी खांबांवर लोखंडी कोनपट्टी टाकून सुमारे दोन मीटरचा पूल करायचे ठरले आहे. लेव्हल पाईपने खुंट्या लावून झाल्या आहेत. मिस्त्रींनी या वेळी कोब्याचा विषय काढला नाही. मुरूम किती ब्रास लागेल, एवढेच विचारून गेले.